‘विषयच नाही’ म्हणणाऱ्यांशी वाटाघाटी

(दापोडे, ता. भिवंडी येथे गोवा मुक्तिदिनी भरलेल्या कामगार सभेत केलेले भाषण)



आज १९ डिसेंबर. १९६१ साली याच तारखेला गोवा, दमण आणि दीव पोर्तुगीजांच्या हातून सुटले. आज आपण त्याच्या वाटाघाटींवर बोलणार आहोत. आम्ही काही वकील नव्हे, प्राध्यापक नव्हे. आम्ही मागावर उभे राहणारे. आमची शाळा चौथीला संपली आणि कांड्या भरायला लागलो. तेव्हा दिल्ली आणि लिस्बन यांच्यात काय बोलणी झाली हे आम्ही सांगायचे म्हणजे काहींना हसू येईल. येऊ द्या. पण वाटाघाटी म्हणजे काय हे मागवाल्याइतके दुसऱ्या कुणाला कळते? टेबलाच्या या बाजूला आपण किती वेळा बसलो आहोत! बसलो म्हणण्यापेक्षा, उभे राहिलो आहोत, कारण खुर्ची क्वचितच मिळते.

दोन वर्षांमागची गोष्ट तुमच्यापैकी कित्येकांना आठवत असेल. बोनसचा तगादा लावून आपण थकलो होतो. शेवटी बोलणीचा दिवस ठरला. आपले पाचजण धुतलेले कपडे घालून गेले. मालकाच्या माणसाने एक कागद पुढे सरकवला. त्यात लिहिले होते की ही माणसे आमची नाहीतच, ठेकेदाराची आहेत. तेव्हा बोलण्याचा विषयच उद्भवत नाही. वीस वीस वर्षे त्याच पत्र्याखाली, त्याच मागावर कापड विणलेले हे गडी, आणि एका कागदाने ते परके झाले! आपण आकडा काय मागायचा याची तयारी करून गेलो होतो. समोरच्याने आकड्याला हातच लावला नाही. त्याने विषयच खाऊन टाकला.

हीच युक्ती पोर्तुगालच्या सालाझारने हिंदुस्थान सरकारवर वापरली होती. म्हणून ही कथा आपली आहे.

थोडे मागे जाऊ, पण फार नाही. पोर्तुगीज म्हणजे लांब गोव्यातली गोष्ट असे आपल्याला वाटते. इथून जवळच अंजूर आहे. त्या अंजूरचे गंगाजी नाईक. साष्टी, ठाणे, वसई या मुलखात पोर्तुगीजांचा अंमल होता, धर्मावरून लोकांचा छळ होत होता. गंगाजी नाईकांनी आणि त्यांच्या भावांनी पेशव्यांकडे खेटे घातले, माणसे जोडली, वाटा दाखवल्या. १७३७ साली मोहीम सुरू झाली, ठाण्याचा किल्ला हाती आला, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे वसईने हात टेकले. मग तह झाला. पोर्तुगीज फौजेला सन्मानाने बाहेर पडू दिले. आधी तटाला भगदाड, मग तहाची कलमे, असा त्या काळचा क्रम होता. आपल्या खाडीकाठच्या माणसांना तो ठाऊक होता.

वसई गेली तरी गोवा, दमण, दीव पोर्तुगीजांकडे राहिले, ते पुढे सव्वादोनशे वर्षे.

१९४७ साली इंग्रज गेला. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर दोन परके तुकडे उरले, एक फ्रेंचांचा आणि एक पोर्तुगीजांचा. दोघांशीही बोलणी करूनच प्रश्न सोडवायचा असे नेहरू सरकारने ठरवले. २७ फेब्रुवारी १९५० रोजी हिंदुस्थानने लिस्बनला रीतसर पत्र दिले की तुमच्या ताब्यातल्या मुलखाच्या भवितव्याबद्दल बोलणी सुरू करू. जूनमध्ये उत्तर आले. काय उत्तर आले? हा बोलण्याचा विषयच नाही. गोवा ही वसाहत नाही, तो पोर्तुगालचाच भाग आहे, आणि आपल्या देशाच्या भागाबद्दल कुणी परक्याशी बोलत नसते!

आणि नुसते म्हणून थांबले नाहीत. १९५१ साली त्यांनी आपली राज्यघटनाच बदलली. तोवर ज्याला ते स्वतःच ‘वसाहत’ म्हणत होते, त्याचे नाव ठेवले ‘समुद्रापलीकडचा प्रांत’. पाटी बदलली. तुरुंग तोच, पोलीस तोच, वर्तमानपत्रावरचा सेन्सॉर तोच. लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवल्याशिवाय छापता येत नसे असा तो ‘प्रांत’! ठेकेदाराच्या कागदात आणि या पाटीत आम्हाला तरी काही फरक दिसत नाही.

हिंदुस्थानने पुन्हा लिहिले, पुन्हा विचारले. १९५३ च्या जानेवारीत आणखी एक पत्र गेले. त्यात तेथल्या लोकांची भाषा, रीतिरिवाज, हक्क सांभाळण्याची हमी देण्याची तयारी होती. उत्तर तेच. शेवटी ११ जून १९५३ रोजी हिंदुस्थानने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. बोलायला माणूसच नाही, तर कचेरी कशाला?

आता कुणी विचारील की सालाझार एवढा हटून का बसला होता? गोव्यातून पोर्तुगालला काही सोन्याच्या खाणी मिळत नव्हत्या. लोखंडाची माती निघे आणि जपान-जर्मनीला जाई, पण तेवढ्यासाठी कुणी जगाशी वैर घेत नाही. खरे कारण आफ्रिकेत होते. अंगोला, मोझांबिक हे पोर्तुगालपेक्षा कितीतरी पटींनी मोठे मुलूख त्याच्या ताब्यात होते. गोव्याबद्दल बोललो तर उद्या त्यांच्याबद्दलही बोलावे लागेल, ही भीती. एका खात्यात पगारवाढ दिली की सगळी खाती मागायला येतात, हे मालकाचे गणित आपल्याला नवे नाही. आणि दुसरे असे की सालाझार हा हुकूमशहा. त्याच्या स्वतःच्या देशात १९३३ पासून संप करणे हा गुन्हा होता. जो आपल्या घरच्या गिरणी कामगाराशी बोलायला बसत नाही, तो गोव्याच्या कुणब्याशी काय बोलणार?

आता दुसऱ्या तुकड्याकडे या. फ्रेंचांकडे पाँडिचेरी, कारैकल, माहे, यानम आणि बंगालमधले चंद्रनगर होते. इथे बोलणी झाली आणि यशस्वी झाली. सभांमधून आम्ही नेहमी ऐकतो की फ्रेंच शहाणे होते आणि पोर्तुगीज हट्टी होते. एवढ्यावर हा हिशेब मिटत नाही. पाँडिचेरीची गोष्ट आपल्या जातीची आहे, गिरणी कामगाराच्या जातीची, म्हणून जरा थांबून सांगतो.

पाँडिचेरी हे कापड गिरण्यांचे गाव. सवाना गिरणी, रोडिए गिरणी, अशा मोठ्या गिरण्या तिथे होत्या. कामाचे तास मोजायचे नाहीत, युनियन काढायची नाही. कामगारांनी संप केला. ३० जुलै १९३६ रोजी फ्रेंच पोलिसांनी सवाना गिरणीवर गोळ्या चालवल्या. १२ कामगार मेले. बारा! त्यांचा पुढारी व्ही. सुब्बय्या. त्या बारा प्रेतांनंतर फ्रेंच सरकारला झुकावे लागले आणि १९३७ साली तिथे आठ तासांचा दिवस आणि युनियनचा हक्क कायद्याने मिळाला. त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांतसुद्धा आठ तास नव्हते, नऊ तास भरावे लागत. तर सुब्बय्यांच्या मागे उभा राहिलेला हा कामगार पुढे पाँडिचेरीच्या मुक्तीच्या चळवळीचा कणा झाला.

म्हणजे फ्रान्सने १९४८ च्या जूनमध्ये ‘लोकांना विचारून ठरवू’ असा करार केला, तेव्हा विचारायला तिथे संघटित लोक होते. चंद्रनगरने १९४९ साली मतदान करून हिंदुस्थानात येण्याचा कौल दिला. पुढे पाँडिचेरीला चालढकल झाली खरी. पण १९५४ च्या मे महिन्यात व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फू येथे फ्रेंच फौजेचा पाडाव झाला, त्याच उन्हा-पावसाळ्यात यानम आणि माहे लोकांनी हातात घेतले, आणि पॅरिसला शहाणपण सुचले. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी किळूर गावी निवडून आलेले १७८ प्रतिनिधी जमले. १७० जणांनी विलीनीकरणाला मत दिले, ८ जणांनी विरोध केला. १ नोव्हेंबर १९५४ ला कारभार हिंदुस्थानच्या हाती आला. कागदोपत्री तह व्हायला १९५६ साल लागले आणि फ्रान्सच्या पार्लमेंटची मोहोर उठून तो अमलात यायला १९६२. पण कारभार आधी आला, कागद मागून आला. आपले कागद बहुतेक वेळा उलटे असतात. करार आज होतो आणि पैसे तीन वर्षांनी येतात.

तर एका टेबलावर फ्रेंच बसला, दुसऱ्यावर पोर्तुगीज बसलाच नाही. मग गोव्याचे लोक काय करीत होते? गप्प होते का? मुळीच नाही. त्रिस्ताव ब्रागांझ कुन्यांनी फार आधीपासून लिहून-बोलून जागृती केली होती. १८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावला जाहीर सभेची बंदी मोडली. त्यानंतर कुन्यांना पकडून पोर्तुगालच्या किल्ल्यात नेऊन डांबले. १९५४ च्या फेब्रुवारीत डॉ. पुंडलिक गायतोंडे यांना अटक झाली ती एवढ्यासाठी, की एका मेजवानीत कुणीतरी गोव्याला पोर्तुगालचा भाग म्हटले आणि हे उठून म्हणाले, माझा निषेध आहे. त्यांनाही लिस्बनला नेले. जिथे एका वाक्याला तुरुंग, तिथे वाटाघाटीला कोण आणि कसा बसणार?

मग लोकांनी दुसरा रस्ता धरला. आणि तो आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याला लागूनच होता.

दादरा आणि नगर हवेली. चारी बाजूंनी हिंदुस्थान, मध्ये पोर्तुगीज. वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, धोडिया या आदिवासींची. आज भिवंडीच्या मागांवर जे पॉलिएस्टर सूत चढते, त्यात सिल्वासाकडचे सूत असते. बीम बांधताना खोक्यावरचे नाव वाचा. तेच सिल्वासा. १९५४ च्या जुलैत गोवेकरांच्या संयुक्त आघाडीने दादरा घेतले. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि पुण्या-मुंबईकडची तरुण मंडळी सिल्वासात शिरली. त्यात संगीतकार सुधीर फडके होते, राजा वाकणकर होते. कम्युनिस्ट कार्यकर्तेही त्या भागात आदिवासींमध्ये काम करीत होते. संघवाले आणि लाल बावटेवाले एका मुलखात, एका शत्रूवर. असे योग रोज येत नाहीत. पुढली सात वर्षे तो मुलूख लोकांच्या पंचायतीने चालवला. ११ ऑगस्ट १९६१ ला तो भारतात रीतसर सामील झाला.

आता पाहा, जो सालाझार ‘विषयच नाही’ म्हणत होता, त्याने काय केले? तो धावत कोर्टात गेला! १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत दाखल झाला, आणि २२ डिसेंबरला त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात हिंदुस्थानवर दावा लावला. म्हणणे असे की दमणहून दादरा-नगर हवेलीला जायची आमची वाट हिंदुस्थानने अडवली. आमच्या फौजेला आणि अंमलदारांना जाऊ द्या.

या दाव्याची एक मौज आम्हाला फार आवडते. पोर्तुगालने पुरावा म्हणून काय आणले? पेशव्यांचा १७७९ चा तह आणि त्यानंतरच्या १७८३ आणि १७८५ च्या सनदा! मैत्रीखातर बारा हजार रुपये वसुलाची गावे पेशव्यांनी पोर्तुगीजांना लावून दिली होती. तो तह दाखवून हे म्हणू लागले की पेशव्यांनी आम्हाला मुलूखच देऊन टाकला. म्हणजे हेगमध्ये गोरे न्यायाधीश, विलायती वकील, आणि खल कशावर? ‘सरंजाम’ या आपल्या शब्दाचा अर्थ काय यावर! सरंजाम म्हणजे वसूल खाण्याचा हक्क की राज्य? आपल्याकडच्या जुन्या माणसाला विचारले असते तरी त्याने सांगितले असते, की सरंजाम परत घेता येतो. न्यायाधीशांत भारताच्या बाजूने नेमलेले एम. सी. छागला होते, आपल्या मुंबई हायकोर्टाचे पूर्वीचे सरन्यायाधीश.

१२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. तो आपल्या बाजूने पूर्ण लागला असे सभेत सांगायची पद्धत आहे, पण तसे नाही. कोर्टाने म्हटले की पेशव्यांनी दिला तो फक्त वसूल, राज्य नव्हे. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचा अंमल चालवून घेतला, म्हणून खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्यायेण्याची वाट होती. फौज, हत्यारी पोलीस आणि शस्त्रे यांना तसा हक्क कधीच नव्हता. आणि १९५४ च्या जुलैत वातावरण पेटले असताना हिंदुस्थानने वाट बंद केली त्यात काही गैर केले नाही. अर्धी भाकरी त्यांच्या पानात, अर्धी आपल्या, पण ज्या घासावर पोट भरायचे तो आपल्या पानात पडला. फौजेला वाट नाही म्हटल्यावर हवेली परत कशी घेणार?

कोर्टाला सव्वाचार वर्षे गेली. मधल्या काळात काय झाले ते सांगताना आमचा आवाज जड होतो.

पुण्यात गोवा विमोचन सहाय्यक समिती उभी राहिली. केशवराव जेधे, जयंतराव टिळक ही मंडळी पुढे होती. १८ मे १९५५ ला नानासाहेब गोऱ्यांची पहिली तुकडी गेली, त्यात सेनापती बापटही होते, त्या वयात. नंतर मधु लिमये गेले. मारहाण अशी की माणूस ओळखू येऊ नये. आणि मग आला १५ ऑगस्ट १९५५. देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही, हातात झेंडा, दुसरे काही नाही, सगळ्या बाजूंनी सरहद्दीत शिरले. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मेली. पत्रादेवीला पंजाबचा कर्नेलसिंग पडला. पंजाबचा पोरगा, गोव्याच्या मातीत! दुसऱ्या दिवशी मुंबईत हरताळ पडला. त्यानंतर हिंदुस्थान सरकारने काय केले? आपल्याच सत्याग्रहींना सरहद्द बंद केली. सामुदायिक सत्याग्रह थांबवला. नेहरूंचे म्हणणे, शांततेच्या मार्गाशिवाय दुसरा मार्ग नको आणि हा मार्ग हाताबाहेर जातोय.

आणि त्याच वर्षी, २१ नोव्हेंबर १९५५ ला, मुंबईत फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. १५ जण मेले. तिथे गोळी पोर्तुगीजांची नव्हती. ऑगस्टमध्ये सरहद्दीवर गेलेला आणि नोव्हेंबरमध्ये फाउंटनला गेलेला गिरणी कामगार एकच होता. तो मनात काय म्हणाला असेल? १०६ हुतात्म्यांचा हिशेब आपण लहानपणापासून ऐकतो, पण ऑगस्ट ते नोव्हेंबर हे तीन महिने एकत्र धरून फारसे कुणी पाहत नाही.

हिंदुस्थानने नाकेबंदी केली. रेल्वे थांबली, मुंबईतल्या गोवेकराला घरी पैसे पाठवणे बंद झाले. धोबीतलावाच्या कुडांतून राहणारे खलाशी, आचारी, बँडवाले, आणि गिरणगावातले पेडण्याकडचे गडी, यांच्या घरच्या चुली अडचणीत आल्या. सालाझारची चूल चालूच राहिली. हे स्पष्ट बोलले पाहिजे. बंद पुकारला की पहिली उपासमार आपल्या घरी होते, मालकाच्या नव्हे, हे संप करणाऱ्याला शिकवावे लागत नाही. त्यावर उपाय निधी, शेजाऱ्याचे पीठ, वाण्याची उधारी. गोवेकरासाठी असा निधी आपल्या सरकारने किती उभा केला, हा प्रश्न विचारायचा राहून गेला.

मोठ्यांचे राजकारणही पाहा. १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्याबरोबर पत्रक काढले आणि त्यात गोव्याला ‘पोर्तुगालचे प्रांत’ म्हणून टाकले! पोर्तुगाल नाटोत होता, बेटांवर अमेरिकेचे विमानतळ होते. तळ महत्त्वाचे, पत्रादेवीची प्रेते नव्हे. दुसऱ्या बाजूला रशियाने हिंदुस्थानचे म्हणणे उचलले. तेही काही केवळ गोव्याच्या प्रेमापोटी नव्हते.

पण जग बदलत होते. आफ्रिकेतले देश एकामागून एक सुटले आणि संयुक्त राष्ट्रांत येऊन बसले. १४ डिसेंबर १९६० ला वसाहती संपवण्याचा ठराव झाला. दुसऱ्याच दिवशी दुसरा ठराव झाला, त्यात पोर्तुगालच्या ताब्यातल्या मुलखांची यादी दिली आणि म्हटले, हे प्रांत बिंत काही नाहीत, या वसाहती आहेत, यांचा हिशेब द्या. त्या यादीत गोवा होता. दहा वर्षे ज्या पाटीमागे सालाझार लपला होता ती पाटी जगाच्या सभेत काढून टाकली गेली. आमच्या मते गोव्याची राजनैतिक लढाई खऱ्या अर्थाने त्या दिवशी जिंकली. पुढचे सोपे होते.

पुढचे म्हणजे १९६१ चा नोव्हेंबर. अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ आगबोटीवर गोळ्या झाडल्या गेल्या. वातावरण तापले. लंडन-वॉशिंग्टनचे वकील दिल्लीत धावपळ करू लागले, जरा थांबा, बोलणी करू. चौदा वर्षांनंतर! १७ डिसेंबरच्या रात्री फौज निघाली आणि १९ तारखेच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणपत्रावर सही केली. सालाझारचा त्यांना हुकूम होता की शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरणागती नको. त्या माणसाने तो मानला नाही, पणजी राखेत घातली नाही. मायदेशी गेल्यावर त्याला फौजेतून काढून टाकले. शत्रूचा असला तरी त्याचे नाव आम्ही आदराने घेतो. तिकडे सुरक्षा समितीत १८ तारखेला अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी भारताने माघार घ्यावी असा ठराव आणला. बाजूने ७, विरुद्ध ४. रशियाने नकाराधिकार वापरला. विरोधी चारांत सिलोन, लायबेरिया आणि इजिप्तचे संयुक्त अरब प्रजासत्ताक होते.

लिस्बनने तरीही मानले नाही. मोहन रानडे १९५५ पासून तुरुंगात होते. गोवा सुटला, रानडे सुटले नाहीत! ते १९६९ च्या जानेवारीत सुटले, पोर्तुगालच्या तुरुंगातून. १९७४ च्या एप्रिलमध्ये पोर्तुगालमध्येच क्रांती झाली, सैनिकांच्या बंदुकीच्या नळीत लोकांनी लाल फुले खोवली, तेव्हा कुठे बोलणीचा ‘विषय’ निर्माण झाला. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत तह झाला. पोर्तुगालतर्फे सही मारिओ सोआरेस यांची. भारताच्या बाजूने परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांची. हो, आपलेच यशवंतराव. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्यावर आपल्या लोकांनी राग काढला, त्यांच्याच हाताने गोव्याचा शेवटचा कागद पुरा झाला. १९५० चे पत्र आणि १९७४ ची सही. पंचवीस वर्षे.

आता आम्ही जे बोलणार आहोत ते काहींना रुचणार नाही. या व्यासपीठावर तर मुळीच नाही. तरी बोलतो.

गोवा सुटल्यावर आपण महाराष्ट्रात काय म्हणालो? गोवा आमचा! मराठी बोलतो, मराठी लिहितो, आमच्याच मातीचा, महाराष्ट्रात घाला. भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष १९६३ ची निवडणूक जिंकला, तोही विलीनीकरणाचा. आपल्याला वाटले, झालेच. जॅक सिकेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष म्हणाला, लोकांना विचारा. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. निवडणूक नि:पक्षपाती व्हावी म्हणून बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला. विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली. वेगळे राहण्याला १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. आपण हरलो.

आपल्याकडे त्यावर काय बोलले गेले ते आम्ही जुन्या मंडळींकडून ऐकले आहे. ख्रिस्ती मतांनी घात केला म्हणाले. गणित करा ना. ख्रिस्ती वस्ती शेकडा चाळीसच्या आत, आणि वेगळे राहण्याला मते शेकडा चौपन्न. बाकीची कुणाची? हिंदूंचीच. कोकणी ही आमची वेगळी भाषा आहे असे मानणारे होते. महाराष्ट्रात गेलो तर एका कोपऱ्यातला जिल्हा होऊ, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवू, अशी भीती असणारे होते. महाराष्ट्रात दारूबंदी, मग आमच्या माडाचे आणि काजूचे काय, असे विचारणारा रेंदेर होता. त्याच्या पोटाचा प्रश्न होता तो. आणि गंमत पाहा, दोन महिन्यांनी निवडणूक झाली, तर त्याच लोकांनी पुन्हा बांदोडकरांनाच निवडून दिले! माणूस हवा, मराठी शाळा हव्यात, विलीनीकरण नको. बांदोडकरांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या, पोरे शिकली. १९८७ साली कोकणी राजभाषा झाली आणि त्याच वर्षी ३० मे ला गोवा राज्य झाले.

आम्हाला विचाराल तर तो कौल योग्य होता. पोर्तुगालने गोवेकराला विचारले नाही म्हणून आपण लढलो. मग आपणही न विचारता त्याला उचलून घरात आणणार असू, तर सालाझारची आणि आपली पद्धत एकच झाली. आणि बेळगाव, कारवार, निपाणीबद्दल आपण इतकी वर्षे काय ओरडतो? आम्हाला विचारा, आमच्या गावाला विचारा, हेच ना? १९५६ साली विचारले नाही हीच तक्रार ना? महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तो याच दुखण्यापोटी. बेळगावला एक माप आणि पणजीला दुसरे, हे चालणार नाही. माप एकच ठेवू तर बेळगावच्या मराठी माणसाची बाजू जास्त बळकट होते, कमी नाही.

हे सगळे आज का काढले ते आता सांगतो. येत्या आठवड्यात आपली बोलणी आहेत. या खेपेला ‘ठेकेदाराची माणसे’ हा कागद पुढे आला तर आपण हजेरीपटाच्या आणि पगाराच्या चिठ्ठ्यांच्या नकला नेणार आहोत. पाटी काहीही असो, काम कुणाच्या मागावर झाले ते दिसले पाहिजे. ज्यांच्याकडे जुन्या चिठ्ठ्या आहेत त्यांनी फेकू नयेत, फाटक्या असल्या तरी.

दुसरे म्हणजे, जो करार होईल त्यावर सहीआधी सगळ्यांचे मत घ्यायचे, गुप्त. कालच्या बैठकीत आपल्यातलेच काही म्हणाले की मत फक्त आपल्या माणसांचे घ्या. उत्तरेकडून आलेले भय्ये आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली उद्या गावी जातील, त्यांना काय विचारायचे? गड्यांनो, रात्रपाळीला त्यांच्याच शेजारच्या मागावर आपण उभे असतो. मालकाशी बोलताना मोजायला ते हवेत आणि मत द्यायला नकोत? आमचे त्याला साफ नाही आहे. मतपत्रिकेवर मराठी राहील, आणि खाली हिंदी आणि तेलुगू. लिहून द्यायला दोन मुले तयार झाली आहेत.

पाच जणांची समिती निवडायची आहे. त्यात निदान एक बाई कांडी खात्यातली हवी, त्यांचे बोलणे आजवर आपणच बोलत आलो. नावे आज रात्री चहाच्या टपरीवर लिहून घेतली जातील, अकरापर्यंत. रात्रपाळीवाल्यांनी आता निघायला हरकत नाही, भोंगा व्हायला आला. त्यांची नावे उद्या सकाळी पाळी सुटल्यावर फाटकाशी घेऊ.